आजीची भाकरी, बाबांची गोळी आणि पोटातले भाडेकरू

पंखा बंद करून रेकॉर्ड करतोय, मे महिना आहे, मुलुंड आहे, त्यामुळे मध्येच घाम पुसल्याचा आवाज आला तर समजून घ्या. आणि हो, आजचा एपिसोड जेवताना ऐकत असाल तर थोडा वेळ थांबा. पोटाबद्दल बोलायचंय, आणि पोटाबद्दल बोलायचं म्हणजे संडासाबद्दलही बोलावं लागतं. इलाज नाही.

सुरुवात जानेवारीपासून करतो. ऑफिसमध्ये वार्षिक हेल्थ चेकअप होतं. आम्ही सगळे रिकाम्या पोटी रांगेत उभे, नंतर फुकटचा उपमा आणि चहा, मग रिपोर्ट ईमेलवर. तो ईमेल मी तीन दिवस उघडलाच नाही. उघडला तेव्हा त्यात लिहिलं होतं: फॅटी लिव्हर ग्रेड १, एचबीए१सी ५.९, उपाशीपोटीची साखर १०४. वय २८, वजन ७१ किलो, उंची पाच फूट सात इंच. बीएमआय काढला तर २४.५.

माझी पहिली प्रतिक्रिया काय होती? "२५च्या खाली आहे ना, मग ठीक आहे." तर ठीक नाही. २५ची रेषा युरोपियन शरीरांसाठी. आपल्याकडे २३च्या वर गेलात की वजन जास्त आणि २५ला सरळ लठ्ठपणा धरतात. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी. मी आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून मोजली, तर ९३.

हे असं का, याचं उत्तर पुण्यातून आलंय. केईएम हॉस्पिटल, रास्ता पेठ. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये 'लॅन्सेट' या जगातल्या बड्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. दोघं शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघं सारखेच, आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. दोघांच्याही आडनावाचं पहिलं अक्षर इंग्रजीत वाय, म्हणून त्याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. 'बारीक पण चरबीदार भारतीय' ही कल्पना जगभर पोहोचली त्यात याज्ञिकांचा मोठा वाटा आहे. पुण्याजवळच्या गावांमध्ये १९९३पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं जन्मतः वजनाने कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. म्हणजे आपली गोष्ट जन्माच्या आधीपासून सुरू होते, जिमची फी भरली नाही तिथून नव्हे.

माझ्या घरात हे नवीन नाही. बाबांना ४१व्या वर्षी डायबेटिस निघाला. आजोबांना होता की नाही माहीत नाही, कारण बार्शीजवळच्या आमच्या गावात तेव्हा कोण तपासत होतं? पण आजी आहे. ८३ वर्षांची, साखर व्यवस्थित, आणि अजून मला म्हणते, "बाळा, तुमच्या मुंबईत पोट सुटतंय की तुटतंय तेच कळंना." तर प्रश्न पडला, की आजी आणि मी, एकच रक्त, मग मध्ये काय बदललं?

आता मी इंजिनिअर माणूस. आजाराचं नाव दिसलं की डॉक्टरकडे जायच्या आधी यूट्यूबवर जातो. आणि यूट्यूबने मला दोन दिवसांत एका शब्दापाशी नेऊन सोडलं: गट बॅक्टेरिया. आतड्यातले जिवाणू.

तुम्ही ऐकलं असेल, की शरीरात आपल्या पेशींपेक्षा दहापट जिवाणू असतात. हे चुकीचं आहे. २०१६मध्ये इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी नीट हिशेब मांडला, तेव्हा ते साधारण बरोबरीला आलं. आपल्या पेशी ३० लाख कोटी, जिवाणू ३८ लाख कोटी, आणि त्या सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून सुमारे २०० ग्रॅम. बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. भाडेकरू म्हणा. पण पागडीवाले, सहजासहजी न जाणारे.

हे भाडेकरू खातात काय? आपण जे पचवू शकत नाही ते. भात, साखर, तेल हे सगळं वरच्या वर लहान आतड्यात शोषलं जातं. खालपर्यंत पोहोचतात ते तंतू, म्हणजे फायबर. कांद्या-लसणातलं आणि गव्हातलं फ्रुक्टन, डाळी-कडधान्यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा, कच्च्या केळ्यातलं न पचणारं स्टार्च. हे तोडणारी एन्झाइम आपल्याकडे नाहीत, जिवाणूंकडे आहेत. ज्या पदार्थांमुळे अशा उपयोगी जिवाणूंना निवडून खाणं मिळतं, त्यांना १९९५मध्ये गिब्सन आणि रोबरफ्रॉइड या दोघांनी नाव दिलं, प्रीबायोटिक. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणूच गिळणं, आणि प्रीबायोटिक म्हणजे आत आहेत त्यांना डबा पाठवणं. दही आणि उसळ यांतला फरक समजा.

जिवाणू हे तंतू आंबवतात आणि त्यातून तीन छोटी आम्लं तयार होतात: अॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन. आणि ही आम्लं आतड्यातल्या काही पेशींना सिग्नल देतात, की जीएलपी-१ सोडा. हा हार्मोन मेंदूला सांगतो, पुरे आता. आणि इन्सुलिनला मदत करतो. ओळखीचं वाटलं ना नाव? ज्या वजनाच्या इंजेक्शनांची सध्या लोकलमध्येसुद्धा चर्चा चालते, ती याच हार्मोनची नक्कल आहेत. इथेच रीलवाले उडी मारतात: "लसूण खा, घरचं ओझेम्पिक!" अरे बाबा, शरीरातला जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मा होतो, आणि इंजेक्शनमधलं औषध आठवडाभर टिकतं. एक टाचणी आहे, दुसरी कुदळ.

पण मला तेव्हा हे कळत नव्हतं. मी वाचलं उंदरांचं. २००४मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला जेफ्री गॉर्डन यांच्या लॅबमध्ये पूर्णपणे जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांना साध्या उंदरांचे जिवाणू दिले. दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि खात होते आधीपेक्षा कमी! मग २०१३मध्ये त्याच लॅबने जुळ्या बहिणी घेतल्या, एक लठ्ठ, एक सडपातळ. दोघींच्या विष्ठेतले जिवाणू वेगवेगळ्या उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे मिळाले ते उंदीर जास्त चरबी धरायला लागले. हे वाचून मी रात्री दीड वाजता अंथरुणात उठून बसलो. म्हणजे प्रॉब्लेम माझ्यात नाही, भाडेकरूंमध्ये आहे!

त्याच पेपरमधला पुढचा भाग मी त्या रात्री वाचला नाही. तो नंतर सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे.

मग मी काय केलं, तर प्रीबायोटिक पावडर मागवली. इन्युलिनची. महिन्याचा डबा, जवळपास दोन हजार रुपये, वर एक आनंदी आतड्याचं कार्टून. डब्यावर लिहिलं होतं एक चमचा. मी पहिल्या दिवसापासून तीन. शुक्रवारी संध्याकाळी थेट प्रॉडक्शनवर डिप्लॉय करणारे लोक असतात ना, तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलुंडहून फास्ट पकडली. घाटकोपरला उतरून मेट्रो, मग मरोळ नाका, असा माझा रोजचा प्रवास. भांडुप गेलं आणि पोटात जे काही सुरू झालं... गर्दीत हलायला जागा नाही, आणि आत गॅस. जिवाणूंना अचानक मेजवानी मिळाली की ते हायड्रोजन बनवतात, कार्बन डायऑक्साइड बनवतात, काहींच्या पोटात मिथेनही. ते सगळं कुठेतरी जाणार. मी विक्रोळीला उतरलो. बाकावर अर्धा तास बसलो. त्या दिवशी स्टँडअप मीटिंग मी बसूनच अटेंड केली.

हे हसण्यावारी गेलं असतं. पुढचं गेलं नाही.

मी घरी सतत याच विषयावर बोलत होतो. जेवताना उंदीर, चहाला उंदीर. बाबा ऐकत होते. ते कमी बोलतात, रेल्वेतून रिटायर झालेत, मोबाइलवर बातम्या आणि रील बघतात. मी डबा आणला होता तो ते पण घ्यायला लागले, अर्धा चमचा, गुपचूप. आणि कुठल्यातरी रीलमध्ये त्यांनी बघितलं, की आतडं सुधारलं की शुगरच्या गोळ्या सुटतात. त्यांनी मला विचारलं होतं, हे मला पक्कं आठवतं. "काय रे, हे खरं का?" आणि मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणालो, "हो बाबा, बराच रिसर्च आहे त्यावर."

त्यांनी दोन गोळ्यांची एक केली. कुणाला सांगितलं नाही. मार्चमध्ये आईच्या लक्षात आलं, की ते रात्री तीन-तीन वेळा उठतायत. घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी २१४. पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून झालेली जखम पंधरा दिवस भरली नव्हती, ती त्यांनी मोजा घालून लपवली होती.

जखम भरली. वेळेवर गेलो. पण डॉक्टरांच्या केबिनमध्ये बाबा खाली बघत बसले होते आणि डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यांना कोणी सांगितलं?" मी काहीच बोललो नाही. बाबांनी पण माझं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, "मोबाइलवर बघितलं."

मग मी परत वाचायला बसलो. यावेळी मथळे नाही, आकडे. आणि बाबांच्या गोळीपासून सुरुवात केली, मेटफॉर्मिन. २०१५मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की डायबेटिसवाल्यांच्या आतड्यातले जे फरक आपण आजाराचे समजत होतो, त्यातले बरेच खरं तर मेटफॉर्मिनमुळे झालेले होते. आणि २०१७मध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे जिवाणू उंदरांना दिल्यावर त्यांची साखर जास्त चांगली हाताळली गेली. म्हणजे ज्या गोळीच्या जागी मी बाबांना आतड्याची गोष्ट विकत होतो, ती गोळीच आतड्यातून काम करते, निदान काही अंशी. हे मी बाबांना सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "मग आधी सांगायचं ना."

आता २०१३च्या त्या पेपरचा राहिलेला भाग. शास्त्रज्ञांनी दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे जिवाणूंची देवाणघेवाण होते. सडपातळ बहिणीचे जिवाणू लठ्ठवाल्या उंदरांत शिरले आणि त्यांची चरबी वाढायची थांबली. पण हे कधी झालं? जेव्हा खाणं कमी चरबीचं आणि भरपूर तंतूंचं होतं तेव्हा. तेलकट, तंतू नसलेलं खाणं दिलं, तर ते चांगले जिवाणू शिरलेच नाहीत. भाडेकरू चांगला आहे, पण घरात पाणीच नसेल तर तो राहणार कसा?

आणि माणसांत? २०१६मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले, तर जिवाणूंवरून कोण लठ्ठ आणि कोण नाही हे ओळखणं फार कच्चं निघालं. संबंध आहे, पण क्षीण. प्रीबायोटिकचं म्हणाल तर कॅनडातल्या कॅलगरीमध्ये २००९चा एक अभ्यास आहे. रोज २१ ग्रॅम ऑलिगोफ्रुक्टोज, १२ आठवडे. घेणाऱ्यांचं वजन सरासरी एक किलोने कमी झालं, न घेणाऱ्यांचं अर्धा किलो वाढलं. खोटं नाही. पण एक किलो! माझ्या डब्यावरचं कार्टून त्यापेक्षा बरंच जास्त हसत होतं.

आपल्याकडचं बघू. पुणे विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे. तिथे डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने भारतीय आतड्यांवर बरंच काम केलंय. (आडनावावरून विनोद करू नका, त्यांनी सगळे ऐकले असतील.) त्यांच्या २०१६च्या अभ्यासात दिसलं, की भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला आणि मेगास्फीरा हे जिवाणू जास्त असतात. प्रीव्होटेला हा धान्य-कडधान्याच्या जेवणाबरोबर येणारा. पाश्चात्त्य, मांस-चरबीच्या ताटाबरोबर बॅक्टेरॉइड्स वाढतो.

आणि २०१२चा त्यांचाच एक छोटासा अभ्यास. बारीक, मध्यम, लठ्ठ आणि वजनाची सर्जरी झालेले, प्रत्येकी फक्त पाच जण. अमेरिकेत गाजलेलं जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांचं गुणोत्तर इथे जुळलंच नाही. लठ्ठांमध्ये बॅक्टेरॉइड्स जास्त होते. पण गंमत पुढे आहे. लठ्ठांच्या विष्ठेत ती छोटी आम्लं जास्त निघाली, तीच, ज्यांना मी मघाशी चांगलं म्हटलं! सर्जरी झालेल्यांत कमी. आता काय करायचं? एक शक्यता अशी, की जिवाणू जास्त आंबवतात म्हणजे तुमच्यासाठी जास्त कॅलरी सोडवून देतात. एक ग्रॅम फायबरमधून साधारण दोन कॅलरी मिळतात, शून्य नाही. दुसरी अशी, की विष्ठेत निघालेलं म्हणजे शरीराने न घेतलेलं, त्यामुळे तो आकडा आतलं खरं सांगतच नाही. पाच-पाच माणसांवर याचा निकाल लागत नाही. पण तुमच्या विष्ठेचा नमुना कुरिअरने मागवून काही हजार रुपयांत 'वजनाचा स्कोअर' देणाऱ्यांना हे विचारा. मी चॅटवर विचारलं. बॉट होता. त्याने मला डिस्काउंट कूपन दिलं.

आजीकडे परत येतो. २०१८मध्ये अमेरिकेत मिनेसोटात, थायलंडहून आलेल्या ह्मोंग आणि कारेन लोकांवर काम झालं. देश सोडल्यावर महिन्यांत त्यांच्या आतड्यातली विविधता घसरायला लागली, प्रीव्होटेला जाऊन बॅक्टेरॉइड्स येऊ लागला, तंतू तोडणारी एन्झाइम हरवली. आणि अमेरिकेत जन्मलेल्या पुढच्या पिढीत आणखी कमी. बार्शी ते मुलुंड हे काही थायलंड ते मिनेसोटा नाही, आणि आमच्या घरच्यांच्या विष्ठेचा नमुना कुणी घेतलेला नाही. पण मी आजीला फोन करून विचारलं, तू माझ्या वयाची असताना काय खायचीस? ती म्हणाली, "काय खाणार? शाळूची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकी, कांदा बुक्कीनं फोडून, जवसाची चटणी. भात सणाला." मी माझं लिहिलं: सकाळी वडापाव किंवा ब्रेड, दुपारी कँटीनचा भात आणि पनीर, संध्याकाळी बिस्किटं, रात्री आईची पोळी-भाजी, आठवड्यातून तीनदा ऑर्डर.

स्प्रेडशीट केली, अर्थात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७मध्ये भारतीय अन्नाचे तक्ते काढलेत, त्यात १०० ग्रॅममागे तंतू दिलेत. ज्वारी साधारण १०, बाजरी आणि नाचणी ११च्या आसपास. आणि गव्हाची कणीक? तीसुद्धा ११! म्हणजे "पोळी सोडा, भाकरी धरा" हा जो जप चाललाय, त्यात फायबरचा मुद्दा फारसा टिकत नाही. घसरण कुठे आहे, तर पॉलिश केलेला तांदूळ २.८, मैदा २.८. वडापावमधला पाव, ब्रेड, बिस्किटं, नान. आई कधीच दोषी नव्हती. दोन हजार कॅलरीला साधारण ३० ग्रॅम तंतू हवेत. माझे १४ निघाले.

आता मी काय करतो ते सांगतो. हे माझं आहे, तुमचं पोट वेगळं. आठवड्याला थोडं थोडं वाढवलं. घाई नाही, विक्रोळी स्टेशन लक्षात आहे. मोड आलेली मटकी डब्यात. भिजवून मोड आणले की रॅफिनोज-स्टॅकिओज बरेच कमी होतात, म्हणून गॅस कमी. आज्यांना हे पेपर न वाचता माहीत होतं. सोबत कच्चा कांदा, मीटिंगच्या दिवशी सोडून. ताक आहेच. २०२१मध्ये स्टॅनफर्डच्या एका अभ्यासात आंबवलेले पदार्थ रोज खाणाऱ्यांच्या आतड्यातली विविधता वाढली, नुसतं फायबर वाढवणाऱ्यांची दहा आठवड्यांत सरसकट वाढली नाही. शिजवून थंड केलेल्या भातात न पचणारं स्टार्च थोडं वाढतं हे खरं, पण थोडंच. आणि मुंबईच्या दमट हवेत भात ओट्यावर रात्रभर ठेवून 'प्रीबायोटिक' करू नका, फ्रिजमध्ये ठेवा. नाहीतर वेगळेच भाडेकरू येतील. पावडरचा डबा अजून आहे. आई त्यात मोहरी ठेवते.

आयबीएस वगैरे असलेल्यांना कांदा-लसूण-कडधान्य उलट त्रास देतं, त्यांनी माझं ऐकून काही करू नका. आणि कुठलीही गोळी चालू असेल तर तिला हात लावायच्या आधी लिहून देणाऱ्याला विचारा. घरातल्या इंजिनिअरला नको.

दहा आठवडे झालेत. वजन ६९.४, कंबर ९१. पण मी ऑर्डर करणं पण बंद केलंय आणि घाटकोपरला जिना चढतोय, त्यामुळे याचं श्रेय प्रीव्होटेलाला द्यायचं की झोमॅटोच्या अनुपस्थितीला, हे मला वेगळं करता येत नाही. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या, टेस्टिंगमध्ये असं केलं असतं तर लीडने झापलं असतं. एचबीए१सी जूनमध्ये आहे, आकडा कसाही आला तरी पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवीन.

बाबांची उपाशीपोटीची साखर काल १२८ होती. गोळ्या पूर्ण चालू आहेत. रात्री जेवणानंतर आम्ही दोघं स्टेशनपर्यंत चालत जातो आणि परत येतो, फारसं बोलत नाही. परवा परत येताना त्यांनी केळीवाल्यापाशी थांबून विचारलं, "यातलं कच्चं चांगलं की पिकलं?" मी म्हटलं, "कच्च्यात न पचणारं स्टार्च जास्त, पण तुम्ही मॅडमना विचारा." ते म्हणाले, "विचारलंय. तुझं उत्तर काय येतं ते बघत होतो."

चला, पंखा लावतो आता.